शेवटची फाईट कुणी ठरवायची?

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

कळव्यात राहणारे हे वाचक 33 वर्षांचे आहेत. शाळेत असताना कराटेच्या क्लासला गेले, तिथून किकबॉक्सिंगला लागले. जिल्हा, राज्य करत राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा पदक मिळवलं. आधी लो किक प्रकारात (यात मांडीवरही किक मारता येते), नंतर के-वन नियमांत (यात गुडघ्याचे वारही चालतात). दोन वर्षांपूर्वीच्या बाउटमध्ये, म्हणजे लढतीत, दुसऱ्या राउंडला डोक्यावर किक बसली, काउंट झाला, म्हणजे रेफरीने आकडे मोजायला घेतले. ते उठून उभे राहिले, पण रेफरीने बाउट थांबवली. त्यानंतर स्पर्धा नाही. कोपरखैरण्याच्या एका जिममध्ये ते पर्सनल ट्रेनर आहेत आणि रविवारी आपल्या सरांच्या क्लासमध्ये मुलांबरोबर ‘हलकं स्पारिंग’, म्हणजे सरावाची लढत, करतात. घरी आई, बायको आणि पाच वर्षांची मुलगी.

आता एका आयोजकाने प्रोफेशनल शोमध्ये फाईट देऊ केली आहे. वजनगट 71 किलो, पैसे बरे, उत्तर महिनाअखेर हवं. सध्याचं वजन 82. सर म्हणतात, “एक फाईट मार, जिंक, मानाने बाहेर पड. मग क्लास तूच सांभाळ.” आई म्हणते, “पुरे झालं आता.” बायको काही बोलत नाही, “म्हणजे तिची हरकत नसावी.” ते लिहितात, “आतून अजून संपलंय असं वाटत नाही. जिंकून थांबलो तर मोकळा होईन. नाहीतर एवढी वर्षं फुकट गेली असंच वाटत राहील. काय करू?”

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र बरंचसं फाईटबद्दल आहे. मी मात्र अडखळले ती मधल्या काही ओळींपाशी. जिममधल्या माणसांची नावं हल्ली पटकन आठवत नाहीत. मिक्सरचा आवाज सहन झाला नाही म्हणून आईवर खेकसलात. आणि एका दुपारी वाशीकडून आलेल्या गाडीतून ठाण्याला उतरलात, कळव्याची गाडी पकडायची होती, पण दहा नंबरच्या फलाटावर बाकड्यावर बसून राहिलात. मुलीला शाळेतून आणायचंय हे आठवलं तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. त्याच्या लगेच खाली तुम्ही लिहिलंय, “झोप कमी होते, त्यामुळे असेल.”

असेलही. जिमची पहाटेची बॅच आणि रात्रीची बॅच सांभाळणाऱ्या माणसाची झोप कुठे पुरी होते? पण ज्याच्या डोक्याने इतकी वर्षं मार खाल्ला आहे, त्याने हे कारण स्वतःचं स्वतः ठरवून मोकळं होऊ नये. म्हणून फाईट घ्यावी की नाही याआधी हे बोलू.

डोक्याला वारंवार मार बसणाऱ्या लढवय्यांच्या मेंदूचं काय होतं, यावर डॉक्टर लोक आज लिहायला लागलेले नाहीत. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरने 1928 मध्ये बॉक्सरांच्या या अवस्थेवर ‘पंच ड्रंक’ नावाचा निबंध लिहिला होता. पुढे त्याच वाटेवर सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, वारंवारच्या माराने होणारा मेंदूचा आजार) हे नाव आलं. तुम्ही रात्री मोबाईलवर ते शोधलं असणारच, म्हणून सांगते: सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. तेव्हा स्वतःला तो शिक्का मारून घेऊ नका. विसरणं, चिडणं, आवाज नकोसा होणं याला इतर कारणंही असतात: अपुरी झोप, नैराश्य, थायरॉईड, बी-12 ची कमतरता, किंवा त्या दोन वर्षांपूर्वीच्या आघाताचं रेंगाळलेलं दुखणं. यातल्या बहुतेकांवर उपचार आहेत. पण तपासल्याशिवाय कुणाला काय कळणार?

तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. खासगीचा खर्च नको असेल तर कळव्यातच ठाणे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तिथल्या ओपीडीतून सुरुवात करा. डॉक्टरांना ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगू नका. किती वर्षं खेळलात, किती वेळा काउंट झाला, शेवटचा मार कधी बसला, नंतर किती दिवस गरगरलं, हे कागदावर लिहून न्या. एमआरआय नॉर्मल आला तर आनंदच आहे, पण त्यावरून ‘काही झालंच नव्हतं’ असं ठरत नाही. अशा आघाताच्या खुणा स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसतच नाहीत. म्हणून स्मरणशक्तीच्या आणि तोल सांभाळण्याच्या चाचण्यांबद्दलही विचारा.

आणि रविवारचं ते ‘हलकं स्पारिंग’ डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. हलकं कुणासाठी? सतरा-अठरा वर्षांच्या पोराला समोर राष्ट्रीय पदकवाला दिसला की त्याचा हात हलका राहत नाही, हे तुम्ही मला शिकवाल. तुम्ही स्पर्धा सोडलीत, मार सोडला नाही. मेंदूला स्कोअरकार्ड कळत नाही. किक नॅशनलमध्ये बसली काय आणि सोसायटीच्या हॉलमध्ये बसली काय. आधीच्या आघाताची लक्षणं अजून चालू असताना दुसरा मार बसला, तर क्वचित का होईना, मेंदूला सूज येऊन जीवावर बेततं. ही जोखीम तुम्ही रविवारी सकाळी फुकटात घेताय.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

“आतून अजून संपलंय असं वाटत नाही.” हे वाक्य तुम्ही निर्णयाचा पाया म्हणून वापरताय. मला विचाराल तर तो पायाच कच्चा आहे. रिंगमध्ये थांबवायचं काम कुणाचं असतं? रेफरीचं. कॉर्नरला उभ्या असलेल्या सरांचं, ‘आता थांबवा’ म्हणून रिंगमध्ये टॉवेल टाकायचा तो त्यांनी. रिंगसाइडच्या डॉक्टरचं. खेळणाऱ्याला ते काम कधीच दिलेलं नसतं. उलट लहानपणापासून त्याला शिकवलेलं असतं की दम लागला, पाय जड झाला, डोकं बधिरलं तरी ‘आतून’ जे वाटतंय ते ऐकायचं नाही. तुम्ही हे इतकं नीट शिकलात म्हणून तर पदकं आली. त्या शेवटच्या बाउटमध्येसुद्धा तुम्ही उठून उभे राहिला होतात. तेव्हाही आतून संपलं नव्हतं. रेफरीने बघितलं आणि थांबवलं.

खेळाचे नियम करणाऱ्यांनाही हे माहीत आहे. डोक्याच्या माराने नॉकआउट झालेल्या खेळाडूला किमान चार आठवडे सक्तीने बाहेर बसवतात, थोड्या महिन्यांत पुन्हा तसं झालं तर मुदत बरीच वाढते. ‘तुला कसं वाटतंय’ यावर ते सोडत नाहीत.

तेव्हा ‘संपलं’ असं आतून वाटण्याची वाट बघत बसाल, तर चाळिशीतही ते वाटणार नाही. बॉक्सर मुहंमद अलीला वाटलं नव्हतं. 1981 च्या डिसेंबरात बहामामध्ये तो ट्रेव्हर बर्बिककडून हरला, ती त्याची शेवटची लढत, आणि 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. तुमच्या खेळातलंच उदाहरण हवं असेल तर अर्नेस्टो होस्ट घ्या. के-वनची वर्ल्ड ग्रां प्री ही व्यावसायिक स्पर्धा त्याने चारदा जिंकली. 2006 मध्ये निरोपाच्या स्पर्धेत तो उपांत्य फेरीत हरून बाहेर पडला. आठ वर्षांनी, 2014 मध्ये, पीटर आर्ट्स या जुन्या प्रतिस्पर्ध्याशी लढायला तो पुन्हा रिंगमध्ये होता. एवढं जिंकलेल्या माणसाचीही खाज भागत नाही, तर एक शो जिंकून तुमची भागेल असं सरांना का वाटतं? जिंकलात तर दुसऱ्या दिवशी आयोजकाचा फोन येईल, “भाऊ, पुढची कधी?” हरलात तर ‘अशी कशी सोडू’ आहेच. मोकळं होण्याची वाट यातल्या कुठल्याच निकालातून जात नाही.

शिवाय ही फाईट तुमच्या ओळखीची नाही. इतकी वर्षं तुम्ही दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड खेळलात, डोक्याला हेडगार्ड, नडगीला शिन गार्ड. प्रोफेशनल के-वन नियमांत राउंड तीन मिनिटांचे, हेडगार्ड नाही, शिन गार्ड नाही. (हेडगार्डमुळे आतला मेंदू हलायचा थांबतो असंही नाही, पुरुषांच्या अव्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तर 2013 पासून ते काढूनच टाकलंय. पण उघड्या नडगीची किक कानाजवळ बसणं हा प्रकार वेगळाच.) वर 82 वरून 71 वर यायचं. अकरा किलो! त्यातले शेवटचे चार-पाच तुम्ही कसे उतरवणार ते मला न सांगताही कळतं: प्लॅस्टिकचा सूट, पाणी बंद, थुंकत बसायचं. विशीत हे केलं की एका रात्रीत भरून निघायचं. 33 व्या वर्षी, दोन वर्षांच्या खंडानंतर, सुकलेल्या शरीराने रिंगमध्ये उतरणं मला तरी धाडस वाटत नाही.

समजा, न्यूरोलॉजिस्टने सगळं तपासून लेखी परवानगी दिली. मग निर्णय तुमचा, मी आड येणारी कोण? पण आयोजकाला काही प्रश्न तोंडावर विचारा. रिंगसाइडला डॉक्टर कोण, अॅम्ब्युलन्स उभी असेल का? विमा कुणाचा, किती रकमेचा? समोरचा कोण, त्याचं वय आणि रेकॉर्ड काय? वजन कधी करणार, आदल्या दिवशी की त्याच सकाळी? अर्धे पैसे आधी मिळतील का? जो आयोजक “अरे, बघू ना ते” म्हणतो, त्याचं उत्तर मिळालं असं समजा.

राहिली ती ‘फुकट गेलेली वर्षं’.

हे तुम्ही कशाच्या हिशेबाने म्हणताय ते मला कळलं. बरोबरच्या कबड्डीवाल्या मित्राला खेळाडू कोट्यातून नोकरी लागली, तुम्हाला नाही. तो सल खरा आहे, त्यावर गोड बोलून पांघरूण घालणार नाही. किकबॉक्सिंगच्या ‘वाको’ या जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पूर्ण मान्यता दिली ती 2021 मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये हा खेळ अजूनही नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं वेगवेगळ्या संघटना आपापली ‘नॅशनल’ भरवत आल्या. पोरं मेडल घेऊन घरी येतात, पेढे वाटतात, आणि नोकरीच्या वेळी कळतं की त्या कागदाला किंमत नाही. यात दोष पोरांचा नसतो.

पण तुमचे कागद तुम्ही तपासलेत का? पत्रात तसा उल्लेख नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, वयातही सवलत मिळते. कुठल्या पदाला कुठल्या दर्जाची स्पर्धा चालते ते ठरलेलं आहे, आणि अर्ज करण्याआधी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. मध्यंतरी खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यापासून ही तपासणी कडक झाली आहे. तुमची दोन पदकं कोणत्या संघटनेच्या स्पर्धेतली, तिला त्या वर्षी मान्यता होती का, प्रवेशिका आणि निकालपत्रकं कुणाकडे आहेत, हे ठाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. ‘नाही’ असं उत्तर आलं तर वाईट वाटेल, पण रोज रात्री त्याचा विचार करणं तरी थांबेल. अजून खेळत असलेल्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी तर ही चौकशी स्पर्धेची फी भरण्याआधीच करावी.

सरांच्या क्लासबद्दल. खेळणं संपलं की क्लास काढायचा, हे आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. ठाण्यात वाढलेल्याला दहीहंडी समजावून सांगायला नको. वरच्या थरावर चढणारं पोर अंगाने भरलं की खालच्या थरात येतं, आणि त्याला कुणी ‘निवृत्त’ म्हणत नाही. मंडळ तेच, सराव तोच, फक्त आता खांद्यावर दुसरं कुणी उभं असतं. तुमच्या सरांना बहुधा हेच म्हणायचंय, आणि त्यात मान आहे. पण खालच्या थराचे खांदे वेगळे असतात, ते प्रत्येकाकडे असतात असं नाही.

क्लास म्हणजे काय ते जवळून बघा. संध्याकाळी साडेसहाला हॉलमध्ये वीस-पंचवीस मुलं, त्यातली निम्मी आई-बाबांनी ‘मोबाईल सुटावा’ म्हणून पाठवलेली. एकाचा पट्टा सुटलाय, एकीला शू लागलीय, दोघं भिंतीपाशी मारामारी करतायत, आणि दारात एक पालक विचारतायत, “सर, पुढच्या बेल्टची परीक्षा कधी?” लढणारी मुलं त्यात दोन-तीन. हॉलचं भाडं, फीची आठवण, सुट्ट्यांचे महिने. आणि आवाज! ज्या माणसाला सध्या मिक्सर सहन होत नाही त्याने ही बॅच आज हातात घेऊ नये. थोडं बरं वाटल्यावर तीन महिने फक्त नवख्या मुलांची बॅच सरांच्या हाताखाली घ्या. ‘फायटर’ पोरांची नको, तिथे तुम्ही पुन्हा स्वतःलाच शोधत बसाल. सहा वर्षांच्या मुलाला फ्रंट किक दहाव्यांदा दाखवताना मजा आली, तर क्लास तुमचा आहे. कंटाळा आला तर तोही निकालच समजा, त्यात कमीपणा नाही.

नाहीच जमलं तर खेळात राहायच्या आणखी वाटा आहेत. रेफरी-जजचे सेमिनार संघटना घेतात. तुमच्यासारखा, काउंट खाल्लेला माणूस रेफरी झाला तर एखाद्या पोराची बाउट वेळेत थांबेल. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, बॉक्सिंगसारख्या खेळासाठी आपण पात्र आहोत का ते बघा. जिमचं काम तर हातात आहेच. तुम्ही ते पत्रात “टाइमपास” म्हणून उडवून लावलंत, पण घर त्यावर चाललंय, आणि पन्नाशीच्या माणसाला गुडघा न दुखवता बैठका मारायला शिकवणं ही काही कमी कला नाही.

एक मात्र सांगते. स्पर्धा सुटल्यावर जी पोकळी येते ती पदकाची कमी आणि दिवसाची जास्त असते. पहाटे येऊरला पळायला जाणं, वजनकाट्यावर उभं राहणं, पुढच्या स्पर्धेची तारीख, कुणीतरी ‘अजून एक राउंड’ म्हणून ओरडणं. हे सगळं एकदम गेलं की माणूस म्हणतो ‘मला फाईट हवी’, आणि हवी असते ती तारीख. तुम्ही स्वतःला एक तारीख द्या. दहा किलोमीटरची शर्यत घ्या, पोहण्याचा काही पल्ला ठरवा, काहीही, ज्यात डोक्याला मार नाही. मन फारच खाली गेलं, रात्री नको ते विचार आले, तर 14416 वर फोन लावा. ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात.

सरांना काय सांगायचं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आयोजकाला महिनाअखेरपर्यंत ताटकळत ठेवू नका, आजच ‘या वेळी नाही’ कळवा. आणि सरांना सांगा, “सर, टॉवेल तुमच्या हातात होता तेव्हा मी ऐकलं. आता तो डॉक्टरच्या हातात दिलाय.” ते रागावतील, एखाद-दोन रविवार धड बोलणार नाहीत. त्यांनी तुम्हाला शाळकरी वयापासून घडवलंय. तुमची अर्धवट राहिलेली बाउट त्यांच्याही मनात अर्धवटच असणार. एवढं समजून घ्या, आणि तरी नाही म्हणा.

आता बायको. “काही बोलत नाही, म्हणजे हरकत नसावी.” असं समजू नका हो! शेवटच्या बाउटला ती हॉलमध्ये होती, असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या आईला ‘पुरे’ म्हणायचा हक्क आहे आणि ती तो वापरते. सुनेने म्हटलं की ‘खेळ सोडायला लावला’ हा ठपका आयुष्यभर राहतो, तो कुणाला हवाय? तिला ‘फाईट घेऊ का’ असं विचारू नका, ती ‘तुम्ही बघा’ म्हणेल. ‘या दोन वर्षांत माझ्यात काय बदललं’ असं विचारा, मुलगी झोपल्यावर, आणि मध्ये बोलू नका. फलाटावरच्या त्या दुपारी शाळेतून फोन तिलाच गेला होता, बरोबर? ओपीडीच्या दिवशी तिलाही सोबत न्या. तुमच्या कागदावर जे लिहायचं राहून गेलं असेल, ते ती डॉक्टरांना सांगेल.